पीएफएमसाठी निकेल-क्रोम की कोबाल्ट-क्रोम? सावद्यातला माझा अनुभव

झिरकोनिया, म्हणजे धातूशिवायचं पांढरं सिरॅमिक, कितीही चालू लागला, तरी आमच्या सावदा-रावेर पट्ट्यात चार-पाच दातांचा ब्रिज म्हटला की बहुतेकांना पीएफएमच, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर पोर्सेलिन भाजून केलेला दातच, परवडतो. मग लॅबचा फोन येतो, "सर, धातू कोणता?" नव्याने क्लिनिक टाकलेले मित्रही हेच विचारतात.

सोन्याचं आधी उरकतो. जळगाव हाकेवर, त्यामुळे सोन्याचा आग्रह धरणारे भेटतातच. एका आजोबांनी बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली, "हीच वितळवा." त्यांना समजावलं, की पोर्सेलिन ९०० अंशांच्या पुढे भाजतात आणि त्या तापात दागिन्याचं सोनं आकार धरत नाही. पीएफएमच्या सोन्यात त्यासाठी प्लॅटिनम, पॅलेडियम घालतात. शिवाय किंचित इंडियम किंवा कथील, म्हणजे पोर्सेलिनला धरायला ऑक्साइडचा पातळ थर मिळतो. मार्जिन, म्हणजे हिरडीजवळची कडा, फार सुरेख बसते. पण १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलर सोन्यापासून सोडवला, भाव चढत गेले आणि लॅब स्वस्त धातूंकडे वळल्या. आपणही तिथेच आहोत.

निकेल-क्रोम मी कितीतरी वर्षं वापरला. ओतायला सोपा, घासायला बरा, स्वस्त, आणि लॅबमधल्या प्रत्येकाचा हात त्यावर बसलेला. बेरिलियम असलेला मात्र कुणीही घेऊ नये. त्याने ओतकाम सुधारतं हे खरं, पण घासताना उडणारी धूळ टेक्निशियनच्या फुप्फुसात जाते.

ताकदीत मला निकेल-क्रोम आणि कोबाल्ट-क्रोममध्ये फरक जाणवला नाही. दोन्हींचं कोपिंग, म्हणजे पोर्सेलिनखालची धातूची टोपी, ०.३ मिलिमीटरपर्यंत पातळ करता येतं, लांब ब्रिजही वाकत नाही. पोर्सेलिन उडालेल्या माझ्या बहुतेक केसेसमध्ये दोष कोपिंगच्या आकाराचा निघाला; पोर्सेलिनला खालून आधारच नव्हता.

माझं मन फिरलं ते एका प्रश्नापायी. काहींना निकेलची ॲलर्जी असते आणि खोट्या दागिन्यांत बहुधा निकेल असतं. म्हणून निकेल वापरायचं तर प्रत्येक पेशंटला विचारावं लागतं, "खोटे दागिने सोसतात का?" यावलकडच्या एका मावशींना मी विचारलं नव्हतं. ब्रिज छान बसला, पण महिन्याभरात त्याच्याभोवतीची हिरडी लालबुंद झाली. सफाई केली, चावताना दात नीट टेकतात का ते तपासलं, मार्जिनवरून प्रोबची बारीक सळई फिरवली. कुठे काही अडकेना. तिसऱ्या खेपेला त्या सहज बोलून गेल्या, "माह्या कानाले नकली दागिना सोसत नही, लगेच चिघयतो." ब्रिज कापून काढला, कोबाल्ट-क्रोमचा केला, आणि हिरडी निवळली. एका केसवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण त्यानंतर विचारायला लागलो, तेव्हा कळलं की उत्तरावर विसंबताच येत नाही. पुरुषांनी कधी कानात काही घातलेलंच नसतं. ज्या बायकांनी आयुष्यभर सोनंच घातलं, त्यांनाही ठाऊक नसतं. दर वेळी ही शंका मनात ठेवून सिमेंट कालवणं मला नको झालं.

कोबाल्ट-क्रोमचे त्रासही सांगतो. तो वितळायला जास्त ताप लागतो. नुसत्या गॅसच्या ज्योतीवर काम करणारी लॅब कुरकुर करते, इंडक्शन मशीन असेल तर बरं. ऑक्साइड गडद येतो. धातूचा रंग झाकणारा ओपेकचा थर नीट पडला नाही, तर हिरडीलगत करडी छटा दिसते, आणि पुढच्या दातांत ती लगेच डोळ्यात भरते. धातू कडक, त्यामुळे जुना ब्रिज कापताना माझे दोन-तीन बर (ड्रिलची टोकं) सहज जातात. कोबाल्टचीही ॲलर्जी असू शकते, कधी निकेलच्या जोडीने. म्हणून खात्रीची ॲलर्जी असलेल्या पेशंटला मी पॅच टेस्टला (त्वचेवर पट्टी लावून करायच्या ॲलर्जीच्या तपासणीला) पाठवतो, किंवा धातू टाळून झिरकोनिया सुचवतो.

तुमची लॅब वर्षानुवर्षं निकेल-क्रोमवर चांगलं काम देत असेल, तर उद्याच बदला असं मी म्हणणार नाही. आधी मागच्या दातांचे दोन-चार सुटे क्राउन कोबाल्ट-क्रोममध्ये करून घ्या आणि मेटल ट्रायलला, म्हणजे पोर्सेलिन चढवण्याआधी नुसता धातू दातावर बसवून बघताना, मार्जिन नीट बघा. लॅबच्या चिठ्ठीवर नुसतं 'मेटल' लिहू नका, धातूचं नाव लिहा आणि पहिल्या कामाला पाकिटाचा फोटो मागवा. निकेल आणि बेरिलियम नसल्याचं त्यावर छापलेलं असलं पाहिजे.