चालता-वाकताना सजग राहायला शिकवणारा अभ्यासक्रम : एक परीक्षण

सजगतेचा (माइंडफुलनेसचा) सराव म्हटला की डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून बसलेला माणूसच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो. ज्यांना असे बसणे जमत नाही, बसल्यावर ज्यांचे मन अधिकच सैरभैर होते किंवा ज्यांची कंबर आणि गुडघे थोड्याच वेळात बोलू लागतात, अशांसाठी हा आठ आठवड्यांचा ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम तयार केलेला आहे. फोनवर पाठ ऐकायचा आणि ऐकता ऐकता चालायचे, वाकायचे, जमिनीवर लोळायचे किंवा जोर-बैठका काढायच्या, असे त्याचे स्वरूप आहे. याच धर्तीचे अभ्यासक्रम आता पुष्कळ झाले असल्यामुळे मी त्याच्या नावापेक्षा रचनेबद्दल लिहीत आहे. निवड करताना वाचकाला उपयोग होईल तो त्याचाच. माझे मत थोडक्यात असे आहे की, लक्ष कुठे ठेवायचे एवढेच सांगून आवाज जिथे थांबतो तिथे हा अभ्यासक्रम फार चांगला आहे, आणि ऐकणाऱ्याला काय वाटायला हवे हे जिथे तो सांगू लागतो तिथे त्याचा तोल जातो.

त्यामागची कल्पना नवी नाही. बौद्ध परंपरेतील कायानुपश्यनेत, म्हणजे शरीराचे निरीक्षण करण्याच्या साधनेत, चालणे, उभे राहणे, बसणे आणि पडणे या चारही अवस्था सजगतेचे विषय मानलेल्या आहेत. बसण्याला तिथे मक्तेदारी दिलेली नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यातही बैठकीच्या जोडीला पडल्या पडल्या सर्व शरीरावरून लक्ष फिरवणे, सौम्य हठयोग आणि सजग चालणे होतेच. त्या कार्यक्रमाचा आठ आठवड्यांचा साचा येथे जसाच्या तसा उचलला आहे आणि प्रास्ताविकात तसे मोकळेपणाने सांगितलेही आहे. दुसरे ऋण मोशे फेल्डेनक्राइस (1904–1984) यांचे आहे. भौतिकशास्त्र शिकलेल्या आणि ज्यूदोत मुरलेल्या या माणसाने स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यावर काम करता करता बारीक आणि संथ हालचालींची एक शिक्षणपद्धती उभी केली. अभ्यासक्रमातील सर्वांत सकस पाठ तिच्यावरच आधारलेले आहेत.

सुरुवातीचा आठवडा केवळ उभे राहण्याचा आहे आणि तो उरकून टाकण्यासारखा आहे. दुसऱ्या आठवड्यातील चालण्याचा पाठ मात्र सविस्तर सांगण्याजोगा वाटतो. प्रथम नेहमीच्या गतीने चालायला लावतात आणि मग गती हळूहळू इतकी कमी करायला सांगतात की एका पावलाचे तुकडे वेगवेगळे जाणवू लागतात : मागची टाच सुटते, भार चवड्यावर येतो, अंगठा जमीन सोडतो, पाय पुढे झुलतो, टाच टेकते. नेहमीच्या चालण्यात एक पाय पावलांच्या आवर्तनाचा साधारण 60 टक्के काळ जमिनीवर आणि 40 टक्के काळ हवेत असतो, आणि दोन्ही पाय टेकलेले असण्याचा अवधी अगदी थोडा असतो. गती उतरली की एका पायावर उभे राहण्याचा क्षण लांबतो आणि तोल सांभाळण्याचे जे काम एरवी आपल्या नकळत चालते ते उघडे पडते. घोटा आत-बाहेर थरथरतो, तळपायाची बाहेरची कड जमिनीला चिकटू पाहते, पोटरी मध्येच आवळते आणि सैल होते. येथे आवाज फक्त एवढेच म्हणतो, ‘घोटा काय करतो आहे ते पाहा, त्याला थांबवू नका’, आणि मग बराच वेळ काहीही बोलत नाही. ही सूचना बिनचूक आहे. थरथर म्हणजे चूक नसून स्नायू, सांधे आणि अंतर्कर्णातून येणाऱ्या माहितीनुसार शरीर सतत करत असलेली दुरुस्ती आहे, हे वेगळ्या व्याख्यानाशिवाय उमजते. मन भरकटल्याचेही तिथल्या तिथे कळते, कारण विचारात हरवलेला माणूस नकळत पुन्हा नेहमीच्या गतीवर येतो. बसून केलेल्या सरावात भरकटणे लक्षात यायला बराच वेळ जाऊ शकतो. येथे पावलेच चुगली करतात.

पाठाचा शेवटचा भाग पुन्हा सामान्य गतीचा आहे आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. अतिसंथ चालणे हा अभ्यास झाला. रोजचे चालणे तसे नसते. गती वाढल्यावर सगळे बारकावे पकडण्याच्या मागे न लागता फक्त टाच टेकण्याच्या स्पर्शावर लक्ष ठेवायला सांगितले आहे. ज्याला दिवसभरात वेगळा वेळ काढता येत नाही त्याने एवढेच उचलले तरी पुरे.

चौथ्या आठवड्यातील जमिनीवरचे पाठ पहिल्यांदा ऐकताना हास्यास्पद वाटण्याची शक्यता आहे. पाठीवर पडून गुडघे वाकवायचे आणि कंबर जमिनीकडे किंचित दाबायची व सोडायची. तीही शक्य असेल त्याच्या निम्म्याने, मग त्याच्याही निम्म्याने. घाम गाळल्याशिवाय व्यायाम नाही असे मानणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. मात्र त्यामागे एक पक्के तत्त्व आहे. दोन संवेदनांमधला फरक कळायला तो मूळ संवेदनेच्या ठराविक प्रमाणात असावा लागतो, हा वेबरचा नियम फेल्डेनक्राइस यांनी हालचालीला लावला. जड गाठोडे उचललेले असताना त्यावर कागद पडला तर कळत नाही, रिकाम्या तळहातावर पडला तर लगेच कळतो. जोर कमी केला की बारीक फरक ऐकू येऊ लागतात : कंबर दाबताना जबडा आवळला जातो, श्वास अडतो, एका बाजूचा खुबा दुसऱ्यापेक्षा आधी हलतो. शिक्षिका यांतले काहीही दुरुस्त करायला सांगत नाहीत. त्या फक्त विचारतात, ‘या हालचालीला जबड्याची गरज आहे का?’ संपूर्ण अभ्यासक्रमातील हे सर्वोत्तम वाक्य आहे.

याच शिक्षिका स्नायू ताणण्याच्या व्यायामांपाशी (स्ट्रेचिंगपाशी) आल्या की का बदलतात हे मला कळलेले नाही. मागे बासरी सुरू होते आणि ‘तुमच्या खांद्यांतून वर्षानुवर्षांचे ओझे वाहून जाते आहे’ अशी वाक्ये एकामागून एक येऊ लागतात. माझ्या खांद्यांतून काहीही वाहून जात नव्हते. त्यांना ताण बसत होता, आणि तो नेमका कुठे बसतो आहे हे पाहण्याची संधी त्या वर्णनाने हिरावून घेतली. सजगतेचा सराव म्हणजे जे आहे ते पाहणे. काय असायला हवे याची कल्पना आधीच कानात घातली, तर ऐकणारा एक तर ती ओढूनताणून अनुभवू लागतो किंवा आपल्याला जमत नाही म्हणून खट्टू होतो. जोर-बैठकांचा पाठ याहून बरा आहे, कारण दम लागल्यावर काव्याला जागा उरत नाही. बैठकीतून उठताना कोणत्या क्षणी श्वास रोखला जातो ते पाहायला सांगणारी सूचना नेमकी आहे आणि ताकदीचा व्यायाम नियमाने करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

धावण्याच्या पाठात एक वैचारिक घोटाळा आहे. हात, गुडघा, पाऊल या प्रत्येकाकडे लक्ष दिले की धावणे आपोआप सुधारेल, असे त्यात गृहीत धरले आहे. मॉर्गन आणि पोलॉक यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अव्वल दर्जाचे मॅरेथॉन धावपटू स्वतःच्या शरीराकडे लक्ष ठेवून धावतात असे आढळले होते, हे खरे. परंतु ते लक्ष श्वास, श्रम आणि स्नायूंतील ताठरपणा यांवर होते. अंगाच्या हालचालीची तपासणी करत राहणे ही वेगळी गोष्ट झाली. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवले की, एखादे कौशल्य शिकताना स्वतःच्या अवयवांऐवजी हालचालीच्या बाहेरच्या परिणामाकडे लक्ष दिल्यास ते अधिक चांगले आत्मसात होते, आणि पुढच्या अनेक प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. म्हणजे धावताना श्वास आणि आवळलेले खांदे पाहावेत, पण गुडघा कसा उचलला जातो याचा पिच्छा पुरवू नये. सजगतेने व्यायाम करण्याचा हेतू कामगिरी उंचावणे हा नाहीच, असे एक वाक्य या पाठाच्या आरंभी असते तर हा गोंधळ टळला असता.

ॲपबद्दल थोडक्यात. सलग किती दिवस सराव केला याचा आकडा, पदके आणि प्रत्येक पाठानंतर ‘आज किती शांत वाटले?’ असे विचारणारी पट्टी, हे सारे अभ्यासक्रमाच्या मुळावर येणारे आहे. सुदैवाने ते बंद करता येते. पहिल्याच दिवशी बंद करावे.

व्यायाम म्हणून या अभ्यासक्रमाकडे पाहणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. येथील संथ पाठांनी नाडीचा वेग फारसा वाढत नसल्यामुळे ते त्या मिनिटांत धरता येणार नाहीत. झपाट्याने चालणे किंवा तत्सम काही वेगळे करावेच लागेल. तोल जाण्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी संथ चालण्याचा पाठ भिंतीजवळ करावा, ही सूचना अभ्यासक्रमात आहे आणि ती योग्य आहे. पण ज्यांना श्वासावर लक्ष देताच धाकधूक वाढते अशांसाठी काहीही सांगितलेले नाही, ही उणीव गंभीर आहे. अशा व्यक्तींनी डोळे उघडे ठेवून तळपायांच्या स्पर्शावर लक्ष ठेवणे अधिक सोयीचे असते, आणि दुसऱ्या आठवड्यातला पाठ त्यासाठी सहज वळवून घेता आला असता.

बैठकीला कंटाळलेल्यांना आणि बसूनच काम करावे लागणाऱ्यांना हा अभ्यासक्रम मी नक्की सुचवेन. ज्यांचा योगासनांचा किंवा ताई-चीचा सराव आधीपासून चांगला आहे त्यांना चौथा आठवडा सोडल्यास नवे फारसे मिळणार नाही. आठव्या आठवड्यात निर्मात्यांनी केवळ अधूनमधून घंटा वाजणारे, बाकी निःशब्द असे ध्वनिमुद्रण दिले आहे. तशीच एक निःशब्द आवृत्ती स्नायू ताणण्याच्या व्यायामांसाठीही त्यांनी द्यावी, आणि बासरी काढून टाकावी.