पाण्यात दोष नव्हता

गेल्या दिवाळीत लेकीच्या हट्टापायी सांगलीतल्या एका दुकानातून दोन फुटी टँक आणला. चार गोल्डफिश, दोन एंजल, एक जांभळा पॅरट. वर दुकानदाराने "टँकला जरा जान येईल" म्हणत गळ्यात मारलेले तीन करडे, ठिपकेवाले पीस. नाव विचारलं तर म्हणाला, "आफ्रिकन सिक्लिड, साहेब. चार इंचाच्या वर जात नाही. सगळ्यांत मिसळतो." सिक्लिड हे माशांचं एक मोठं कूळ, हे मला नंतर कळलं. तिघांचे साडेचारशे. बिल म्हणून मिळालं चिठोरं, त्यावर नुसतं 'मासे' आणि आकडा.

आठव्या दिवशी पहिला गोल्डफिश गेला. दुकानदार म्हणाला, "नळाचं पाणी घालता? मग दोष असणारच, कृष्णेचं पाणी ते." क्लोरीन मारायचं औषध घेतलं, माशांच्या रोगावरचं निळं औषध घेतलं, आणि मेलेल्याच्या जागी नवा गोल्डफिश. मग एंजलची शेपूट झिजली. पुन्हा निळं औषध. कृष्णेच्या पाण्याबद्दल सांगलीकराला काहीही सांगा, पटतं; दर पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची पातळी विचारत झोपणारी माणसं आम्ही. चार महिन्यांत टँकच्या किमतीहून जास्त पैसे औषधांत आणि बदली माशांत गेले. मासा मेला की मी त्याच्याच दारात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मिरजेच्या ओळखीच्या एका काकांना फोटो पाठवला. ते बरीच वर्षं मासे पाळतात, तेही कृष्णेच्याच पाण्यात. "अरे, हा कुठला आफ्रिकन? रेड डेव्हिल आहे, निकाराग्वाच्या तळ्यांतला. लहानपणी करडा, मोठेपणी केशरी. फूटभर होतो. बाकीचे दोन करडे कुठायत?" ते कधीच गेले होते. मी रोगाने म्हणत होतो.

काकांनी विचारलं, "मेलेल्यांच्या अंगावर कापसासारखं पांढरं काही होतं का?" नव्हतं. परांचे तुकडे तोडल्यासारखे गेलेले, एका कुशीचे खवले उडालेले, आणि मरण्याआधी दोन दिवस मासा वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या आडोशाला, खायलाही खाली न येणारा. रोगाने सगळ्यांनाच धरलं असतं. इथं एकजण दिवसेंदिवस गलेलठ्ठ होत होता, आणि मी त्याचं कौतुक करत होतो!

दुकानात हे दिसत नाही. तिथं पन्नास पिल्लं एकत्र कोंबलेली असतात, कुणालाच जागा धरता येत नाही. घरी आल्यावर अंग भरलं की तो एक कोपरा आपला मानतो, पुढे अख्खा टँक. दोन फुटी टँकमध्ये पाणी जेमतेम पंचावन्न लिटर, पळणारा पळणार कुठे? पॅरटला तर उलटून चावताही येत नाही. तो संकर करून काढलेला मासा, त्याचं तोंड नीट मिटतच नाही. आमच्या पॅरटचा जांभळा रंगही दोन महिन्यांत उडाला. रंग टोचून भरलेला होता.

आणि हे सगळे गुण्यागोविंदाने राहिले असते तरी जोडी चुकीचीच. गोल्डफिशला थंड पाणी लागतं, सिक्लिडला पंचवीस-सव्वीस अंशांचं. खरे आफ्रिकन, म्हणजे मलावी सरोवरातले म्बुना, घ्यायचे तर त्यांच्यात फक्त म्बुनाच. एका नरामागे तीन-चार माद्या, दगडांच्या भरपूर कपारी, आणि टँक थोडा गजबजलेला, म्हणजे मार एकावरच पडत नाही. मध्य अमेरिकेतल्या दांडग्यांना चार फुटांच्या आत घेऊच नये. त्यांच्याबरोबर टिकले तर अंगाने तोलामोलाचे सिल्व्हर डॉलर मासे किंवा काचेला चिकटणारा मोठा सकर मासा. रेड डेव्हिल बहुधा एकटाच बरा. एंजलही सिक्लिडच बरं का, गरीब दिसतो म्हणून त्याच्यात निऑनसारखे बारके मासे सोडू नका. मोठा झाला की गिळतो.

दुकानात जाल तेव्हा माशाचं पूर्ण नाव बिलावर लिहून मागा. लिहायला कां-कूं केली की पिशवी तिथंच ठेवा. मोठेपणी किती इंच होतो, हे दुकानाबाहेर पडायच्या आधी मोबाइलवर बघून घ्या. मी ते चार महिन्यांनी बघितलं.

मासा परत घ्या म्हणायला गेलो, तर उत्तर मिळालं, "कृष्णेत सोडा की, जगेल." जगेलच. चिलापीही सिक्लिडच, तीही बाहेरूनच आली, आणि आज जाळ्यात तीच सापडते. नाही सोडला. काकांचा जुना चार फुटी टँक आणला, आता त्यात तो एकटा आहे. काचेला बोट लावलं की धावून येतो. लेकीने त्याला दुकानदाराचंच नाव ठेवलंय, ते इथं लिहीत नाही.