सोसायटी की कंडोमिनियम?

घोडबंदर रोडच्या आमच्या इमारतीत ताबा मिळाला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला: 1960च्या सहकार कायद्याखाली सोसायटी करायची, की 1970च्या अपार्टमेंट कायद्याखाली कंडोमिनियम, म्हणजे फ्लॅटमालकांची असोसिएशन? त्याआधी मी अकरा वर्षं वाशीत, सिडकोच्या जुन्या इमारतीत, असोसिएशनखाली काढली होती. त्यामुळे दोन्हीकडचं पाणी प्यायलोय.

कंडोमिनियमच्या बाजूने बोलायचं तर जागेतला अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा थेट तुमच्या नावावर असतो. खर्चही हिश्श्याप्रमाणे, म्हणजे वन बीएचकेवाला थ्री बीएचकेवाल्याइतका वॉचमनचा पगार भरत नाही. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, यावर आमच्या छोट्या फ्लॅटवाल्यांची कुरकुर अजून चालू आहे, आणि ती अगदीच चूक नाही. शिवाय निवडणूक, ऑडिट, सभासदांच्या यादीचं जे रजिस्टर... सेक्रेटरीपद म्हणजे बिनपगारी नोकरी. कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घ्यायला, बिल्डरच्या मागे लागावं लागतं ते वेगळंच; 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डर टाळत असेल तर ते सरकारी अधिकाऱ्याकडून करून घ्यायची, सोय झाली म्हणून निदान दार तरी आहे.

पण माझं मत फिरवलं ते वाशीतल्या एका बंद फ्लॅटने. मालकाने तीन वर्षं मेंटेनन्स भरला नाही. थकबाकीचा बोजा फ्लॅटवर असतो, विक्रीच्या वेळी ती वसूल होते, हे खरं, पण माणूस विकतच नाही म्हटल्यावर बोजा घेऊन करायचं काय? वकिलांनी दिवाणी दाव्याचा रस्ता दाखवला. फी ऐकून आम्ही गप्प बसलो. गच्चीवरची टाकी गळायला लागली, तेव्हा वर्गणी काढली ती नियमित भरणाऱ्यांनीच.

ठाण्यात अखेर सोसायटी झाली. इथेही एक महाभाग निघाले. सहकार कायद्याचं जुनं कलम 101, आता 154ब-29, त्याखाली वसुलीसाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज केला. वसुली दाखला निघाला की थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. सुनावणीची नोटीस घरी पोचली आणि त्याच आठवड्यात चेक आला. सगळीकडे इतकं सरळ होईल असं नाही म्हणत.

मतदानातही मला सोसायटीच बरी वाटते. सोसायटीत एक सभासद, एक मत. वाशीत तळमजल्याचे दोन मोठे गाळे एकाच मालकाचे होते, सभेत मतही हिश्श्याप्रमाणे, त्यामुळे त्यांचा हिस्सा बोलायचा.

तुमच्याकडे दुकानं, ऑफिसं जास्त असतील तर कंडोमिनियम कदाचित सोयीचं पडेल. फक्त कंडोमिनियम करताना नोंदवायच्या घोषणापत्रातली प्रत्येकाच्या हिश्श्याची टक्केवारी आधी नीट वाचा. एकदा नोंदली की सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय ती बदलत नाही, आणि त्या सगळ्यांत तो बंद फ्लॅटवालाही आलाच.