कॅनन ५५०डी, शॉटकट आणि हँडब्रेक: काही महिन्यांच्या वापरानंतर

२०१० साली आलेला कॅनन ५५०डी हा कॅमेरा आज सेकंडहँड बाजारात मध्यम दर्जाच्या नव्या मोबाइलपेक्षा कमी किमतीत मिळतो. त्याच्यासोबत १८-५५ची किट लेन्स, कॉलरला लावायचा बोया बीवाय-एम१ माइक, एडिटिंगला शॉटकट आणि शेवटच्या एन्कोडिंगला (म्हणजे फाइल दाबून छोटी करायला) हँडब्रेक. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि वॉटरमार्क टाकत नाहीत. हा संच गेले काही महिने मुलाखती, एकांकिका, कीर्तनं आणि शाळांची स्नेहसंमेलनं यांच्या चित्रीकरणासाठी सतत वापरात आहे. कॅमेऱ्यावर १०८०पी लिहिलं असलं तरी चित्रातला खरा तपशील ७२०पीच्या आसपासचा आहे. तरीही हा संच भरवशाचा आहे. फक्त शटरपासून शेवटच्या फाइलपर्यंत २५ हा आकडा (सेकंदाला २५ फ्रेम) कुठेही बदलू द्यायचा नाही. कमी पैशांतल्या व्हिडिओची निम्मी दुखणी या साखळीत मध्येच कुठेतरी ३० घुसल्यामुळे होतात.

कारण साधं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी येतात, १/१०० ठेवलं तर एक. दोन्हीत प्रत्येक फ्रेमचा उजेड सारखा राहतो. १/६०ला मात्र दीडपेक्षा थोड्या जास्त लुकलुकी येतात आणि चित्रावरून काळसर पट्टे सरकत जातात. हे पट्टे एडिटिंगमध्ये नीट निघत नाहीत. म्हणून मेनूमध्ये व्हिडिओ सिस्टिम ‘पाल’ (PAL) करायची, म्हणजे २५ फ्रेमचा पर्याय दिसतो. मग मूव्ही एक्स्पोजर मॅन्युअलवर आणि शटर १/५०वर. रंगमंचावरच्या स्वस्त एलईडी पार लाइटचं गणित वेगळं आहे. त्यांची लुकलुक विजेच्या ५० हर्ट्झशी बांधलेली नसते, त्यामुळे १/५०लाही पट्टे येऊ शकतात. प्रयोगाआधी प्रत्येक रंगाचा लाइट मंद आणि पूर्ण अशा दोन्ही स्थितींत लावून बघा, आणि पट्टे दिसले तर प्रकाशयोजनाकाराला तो लाइट मंद न करता पूर्ण उजेडावर ठेवायला सांगा.

उन्हात १/५० शटर पाळायचं तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००ला लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/२२पर्यंत बंद करावं लागतं आणि तिथे विवर्तनामुळे चित्र मऊ पडतं. एनडी८ फिल्टर, म्हणजे लेन्सपुढची करडी काच, तीन स्टॉप उजेड कापतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एफ/८वर आरामात काम होतं. किट लेन्सचा फिल्टर ५८ मिमीचा. जुन्या ५० मिमी एफ/१.८ मार्क २ लेन्सचा ५२चा, तेव्हा ५८चाच एक फिल्टर घेऊन ५२ ते ५८ स्टेप-अप रिंग लावलेली परवडते. फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी या किट लेन्सवर नको. फोकस करताना लेन्सचं तोंडच फिरतं आणि त्यासोबत उजेडही बदलतो.

आता चित्राबद्दल. हा कॅमेरा व्हिडिओ काढताना सेन्सरच्या काही ओळी वाचतो आणि काही सोडून देतो. त्यामुळे कौलारू छप्पर, विटांची भिंत, बारीक चौकडीचा सदरा, पैठणीचा बारीक जरीकाठ यांवर रंगीत लाटा उमटतात. याला मोआरे म्हणतात. नंतर तो काढणं जवळपास अशक्य आहे, शूट करतानाच टाळावा लागतो: मुलाखत देणाऱ्यांना आधीच साधे, एकरंगी कपडे घालायला सांगायचं, आणि पार्श्वभूमी पाच-सहा फूट मागे ठेवून ५० मिमीवर एफ/२.८ लावायचं, म्हणजे भिंत धूसर होते आणि लाटाही जातात. पिक्चर स्टाइल न्यूट्रल, शार्पनेस शून्य, कॉन्ट्रास्ट पूर्ण खाली, सॅच्युरेशन एक-दोन घरं खाली. शार्पनेस वाढवला की तपशील वाढत नाही, कडांच्या पायऱ्या तेवढ्या ठळक होतात.

मॅजिक लँटर्न हे मोफत जोड-सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय या कॅमेऱ्याचा पूर्ण उपयोग होत नाही, असं आमचं ठाम मत आहे. ते कॅननचं फर्मवेअर पुसत नाही, कार्डावरून चालतं. त्यासाठी कॅमेऱ्यात फर्मवेअर १.०.९ हवं. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा ठळक दाखवणारी सोय), जास्त उजेडाच्या जागा दाखवणारे झेब्रा पट्टे, आवाजाचे मीटर आणि आवाजाची आपोआप होणारी चढउतार बंद करण्याची सोय त्यातून मिळते. मूळ कॅमेऱ्यात आयएसओ १००, २००, ४०० असे पूर्ण टप्पेच आहेत. मॅजिक लँटर्नमुळे १६०, ३२०, ६४० आणि १२५० मिळतात. हे टप्पे २००, ४००, ८०० आणि १६००चं चित्र थोडं खाली ओढून तयार होतात, म्हणून सावल्यांत दाणा (चित्रातला रवाळपणा) कमी दिसतो. घरात ३२० किंवा ६४०, रंगमंचावर फार तर १२५०. त्याच्या पुढे सावल्यांत रंगीत ठिपके नाचतात.

बॅटरी व्हिडिओवर दीड तासाच्या आसपास टिकते, तीन अंकी नाटकाला दोन लागतातच. क्लिपची मर्यादा ४ जीबी. १०८०पी २५ला मिनिटाला सुमारे ३३० एमबी जातात, म्हणजे साधारण १२ मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबतं. मोठं एसडीएक्ससी कार्ड घातलं तरी ही मर्यादा हटत नाही. मॅजिक लँटर्नमधली मूव्ही रीस्टार्टची सोय रेकॉर्डिंग आपोआप पुन्हा सुरू करते, पण मधले काही क्षण जातात. एकांकिकेत हे परवडत नाही. तिथे मोबाइल दुसरा कॅमेरा म्हणून रुंद फ्रेमवर सलग चालू ठेवायचा आणि ती भोकं त्याच्या चित्राने बुजवायची.

याच मोबाइलमुळे साखळी तुटते. फोनचा नेहमीचा कॅमेरा ३० फ्रेमवर असतो, तोही बदलत्या फ्रेमरेटने: उजेड कमी झाला की २७, २४, पुन्हा ३०. एडिटरमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे होत जातात, आणि दोष माइकला मिळतो. शिवाय ३०चं २५ करताना दर सहा फ्रेममागे एक टाकून द्यावी लागते, त्यामुळे पॅन (कॅमेरा आडवा फिरवून घेतलेला शॉट) झटके खात जातो. फोन चालवत असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यात २५ फ्रेम आणि १/५० शटर पक्कं करता येतं. जुना फोन असेल आणि फाइल ३०चीच असेल, तर एडिटिंगआधी ती हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट २५ने, आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) १४ किंवा १५ला काढून घ्या. शॉटकट अशी फाइल उघडताना स्वतःच एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलून देऊ का, असं विचारतो. तेव्हा हो म्हणा.

आवाज हा या संचातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न आला तर लेन्सच्या आधी इथे घाला. मूळ ५५०डीमध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरते. वक्ता थांबला की कॅमेरा पातळी वर ओढतो आणि पंख्याची घरघर फुगून येते. वक्ता पुन्हा बोलायला लागला की पहिला शब्द फाटतो. म्हणून कॅमेऱ्याचा आवाज फक्त जुळवणीपुरता वापरायचा. बीवाय-एम१ फोनला जोडायचा आणि फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवायचा, विमान मोडवर. माइकच्या डबीवरचं बटण स्मार्टफोनवर हवं. कॅमेऱ्याला जोडला तर कॅमेऱ्यावर, आणि तेव्हा आतली एलआर४४ बॅटरी खर्च होते. ती उतरली की माइक अचानक मुका होतो, म्हणून खिशात एक जादा ठेवा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, वाव्ह स्वरूपात. माइक गळ्यापासून वीतभर खाली, दागिने आणि ओढणीपासून दूर. बोलण्याचे उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

कीर्तनात हे पुरत नाही. टाळांचा ठोका इतका तीक्ष्ण असतो की मीटर दाखवायच्या आत आवाज फाटलेला असतो. पातळी आणखी सहा ते आठ डेसिबल खाली घ्या आणि माइक टाळकऱ्यांकडे तोंड करून ठेवू नका. मंडपातल्या मिक्सरवरून आवाज घ्यायचा असेल तर तो थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या छिद्रात घालू नका. मिक्सरमधून येणाऱ्या लाइनची पातळी माइकच्या पातळीपेक्षा साधारण शंभर पट असते. मधे ४० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (पातळी कमी करणारा जोड) लावा किंवा लाइन घेणारा वेगळा रेकॉर्डर वापरा.

दोन वेगळ्या यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद होतात, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात साडेचार फ्रेम. ओठ वेगळे दिसायला एवढं पुरे. इथे १२ मिनिटांची मर्यादा उपयोगी पडते: तेवढ्या वेळात हा फरक एका फ्रेमच्या आतच राहतो. प्रत्येक क्लिप स्वतंत्र जुळवली की काम झालं. शॉटकटमध्ये अलाइन टू रेफरन्स ट्रॅकची सोय आहे, ती आवाजावरून क्लिप जुळवते. शांत जागेत ती चुकते, म्हणून क्लिपच्या सुरुवातीला एक टाळी हवीच.

एडिटिंगसाठी चार कोअरचा जुना आय५ आणि ८ जीबी रॅम पुरते. कॅमेऱ्याचा डेटा सुमारे ४४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला साडेपाच एमबी. साधी हार्डडिस्कही हे सहज वाचते. अडतं ते एच.२६४ (कॅमेरा ज्या पद्धतीने व्हिडिओ दाबून ठेवतो ती) उलगडताना. त्यामुळे एसएसडी घेण्याआधी शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करून बघा. छोट्या प्रतींवर काम होतं आणि एक्स्पोर्टला मूळ फाइल वापरली जाते. प्रोजेक्ट उघडताना व्हिडिओ मोड ऑटोमॅटिक ठेवू नका. पहिली क्लिप मोबाइलची असेल तर अख्खा प्रोजेक्ट ३०चा होतो. एचडी १०८०पी २५ हाताने निवडा.

आणखी एक गोष्ट इथेच तपासायची. कॅननची फाइल ० ते २५५ अशा पूर्ण पल्ल्याची असते, तर व्हिडिओत सहसा १६ ते २३५चा पल्ला धरतात. सॉफ्टवेअरने ओळखण्यात चूक केली तर काळे केस एकजीव डाग होतात आणि पांढऱ्या धोतराच्या चुण्या नाहीशा होतात. अशा वेळी रंग सुधारत बसू नका. क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये कलर रेंज फुल आहे का ते बघा.

शीर्षकांसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा मोफत देवनागरी फाँट उत्तम आहे. छोट्या पडद्यावरही जोडाक्षरं आणि वेलांट्या स्पष्ट दिसतात. जुन्या डीटीपीच्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर चिकटवला तर अक्षरांचा कचरा होतो, तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा लागतो. उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८मध्ये जतन करा आणि हँडब्रेकमध्ये बर्न-इन करा, म्हणजे चित्रातच छापून टाका. पेनड्राइव्हवरून चालवताना अनेक टीव्ही देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात.

एन्कोडिंगची आमची पद्धत अशी: शॉटकटमधून आधी एकच मास्टर (उत्तम दर्जाची मूळ प्रत) काढायचा, प्रोरेस ४२२मध्ये. तो २५ फ्रेमला सुमारे १२२ एमबीपीएस असतो, तासाला साधारण ५५ जीबी. जागा नसेल तर एच.२६४मध्येच क्वालिटी ८० टक्के ठेवा, ती सीआरएफ (हँडब्रेकमधला आरएफ तोच) १०च्या आसपास बसते. मग हा मास्टर हँडब्रेकच्या रांगेत लावून वेगवेगळ्या प्रती काढायच्या. एक्स२६४, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, प्रीसेट स्लो, आरएफ १८ ते २०, फ्रेमरेट २५ कॉन्स्टंट, कीफ्रेम जास्तीत जास्त ५० फ्रेमवर, वेब ऑप्टिमाइझ्डवर खूण. आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ, यूट्यूबसाठी ३८४ केबीपीएस. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर वेगवान असतो, पण जुन्या कार्डांवर तेवढ्याच दर्जाला फाइल बरीच मोठी होते. पाठवायची घाई असेल तेव्हाच तो वापरा.

सीआरएफ सारखाच ठेवूनही फाइल अचानक दुप्पट झाली तर कारण बहुतेक दाणा असतो. एन्कोडरला दाणा म्हणजे दर फ्रेमला नवा तपशील वाटतो आणि तो जपण्यात बिट्स खर्च होतात. आयएसओ १२५०चं फुटेज असेल तर हँडब्रेकमध्ये एनएलमीन्स हा दाणा काढणारा फिल्टर लाइटवर लावा. वेळ खूप लागतो, रात्रभर लावून ठेवायचं काम आहे, पण चेहऱ्यावरची कातडी प्लास्टिकसारखी न होता दाणा उतरतो. मीडियमवर कातडी बिघडते.

यूट्यूबसाठी मास्टर १४४०पीपर्यंत मोठा करून चढवला तर बहुतेक वेळा बरा कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) मिळतो आणि गर्दीच्या दृश्यांत चौकटी कमी फुटतात. आवाजाची पातळी शॉटकटच्या टू पास नॉर्मलाइज फिल्टरने उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं तर तो पुन्हा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. तासभराच्या कीर्तनाला एकूण ४ एमबीपीएस धरले की फाइल १.८ जीबी होते आणि मर्यादेत बसते.

सेकंडहँड घेताना शटर काउंटला महत्त्व देऊ नका. व्हिडिओत ते शटर प्रत्येक फ्रेमला चालत नाही. लेन्समध्ये मागून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा, कोकणात आणि मुंबईत पावसाळा काढलेल्या लेन्सला हा रोग हमखास लागतो. झाकण लावून आयएसओ ३२००ला मिनिटभर रेकॉर्ड करा, पेटलेले पिक्सेल दिसतील. आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून माइकची पिन छिद्रात हलवा, मग ते ऐकून बघा. खरखर आली तर व्यवहार करू नका. ते छिद्र दुरुस्त करायला कॅमेरा उघडावा लागतो.