चौघांचा तंबू : अकरा महिने, सात मुक्काम

गेल्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या आम्ही चौघांनी वर्गणी काढून हा तंबू घेतला. माणशी १,८५० रुपये, एकूण ७,४००. चौघंही बेळगावातल्या एकाच शाळेतले. आता एक अनगोळात शेती बघतो, एकाचं वडगावात मागाचं घर आहे, एक शहापूरचा, नोकरीला पुण्यात, आणि मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर. महिन्यातून एक शनिवार-रविवार घराबाहेर, मोबाईल बाजूला ठेवून एकत्र काढायचा, एवढंच ठरलं होतं. तंबू घेणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून अकरा महिन्यांचा सगळा अनुभव लिहितोय.

आधी माल. घुमटाचा आकार, दोन फायबरचे दांडे, आतला जाळीचा तंबू आणि वरून पॉलिस्टरचं कव्हर. वजन पिशवीसकट पावणेसहा किलो. पाठीवर घेऊन गड चढायचा असेल तर जड आहे, गाडीतून शेतापर्यंत न्यायचा असेल तर काही अडचण नाही. पिशवीवर 'चार माणसांचा' असं लिहिलंय. चार माणसं मावतात, खरं मग सामान बाहेर ठेवावं लागतं आणि रात्री एकानं कूस बदलली की चौघं जागे होतात. तिघांसाठी उत्तम.

पहिला मुक्काम जांबोटीकडं, अनगोळच्या मित्राच्या मामांच्या शेतात. भात कापून झालं होतं. खाचर सपाट, माती मऊ, वर कापलेल्या भाताचे खुंट, म्हणून आम्ही तिथंच तंबू ठोकला. मामा संध्याकाळी येऊन बघून गेले. म्हणाले, "खाली थंडी बसतीय रे पोरांनो. वर खळ्यावर या की." आम्हाला खळ्याची जमीन कडक वाटली, म्हणून नको म्हटलं. रात्री विस्तवात रताळी भाजली, गप्पा झाल्या, बारा वाजता झोपलो. पहाटे चारला तोंडावर पाण्याचे थेंब पडायला लागले. आकाशात तर ढगाचा ठिपका नव्हता. पुण्याचा मित्र लगेच म्हणाला, "माल खराब आहे, परत पाठवूया." मलाही तसंच वाटलं.

वडगावच्या मित्रानं मात्र बॅटरी लावून कापडावरून हात फिरवला. त्याचं बालपण मागाच्या आवाजात गेलंय, कापड त्याला हाताला कळतं. बाहेरच्या अंगाला दंव होतं, आतल्या अंगालाही तेवढंच पाणी होतं, आणि शिवणी कोरड्या होत्या. म्हणजे पाणी बाहेरून आत आलंच नव्हतं. ते आमचंच होतं. चार माणसांचा रात्रभराचा श्वास, अंगाची वाफ, कोपऱ्यात ठेवलेले ओले मोजे. निरभ्र रात्री वरचं कव्हर आकाशाकडं उष्णता सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. त्या गार कापडाला आतली दमट हवा लागली की तिचं पाणी होतं. आम्ही थंडी लागते म्हणून दोन्ही झरोके बंद केले होते, त्यामुळं वाफेला बाहेर जायला वाटच नव्हती.

डिसेंबरात त्याच शेतात परत गेलो, या वेळी खळ्यावर. दोन्ही झरोके उघडे, दार वाऱ्याच्या आडव्या अंगाला, ओलं काहीही आत नाही. सकाळी कव्हरच्या आतून बोट फिरवलं तर जेमतेम ओल होती, अंथरूण कोरडं. मामांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, खळं कुणी कुठंही करत नाही. मळणी झाल्यावर वारं द्यायला वारा लागतो, म्हणून वारा फिरेल अशी उंचवट्याची जागा बघूनच खळं करतात. पाणी तिथं साचत नाही आणि गार हवा उतरून खाली खाचरात जाते. तंबूची जागा कशी निवडावी यावर मी तोपर्यंत बरेच व्हिडिओ बघितले होते. त्या सगळ्यांत मिळून जे नव्हतं, ते मामांच्या दोन वाक्यांत होतं. तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो की आम्ही आधी विचारतो, खळं कुठं आहे?

जानेवारीत चंदगड तालुक्यात महिपाळगडाच्या पायथ्याला, देवरवाडीजवळ एका ओळखीच्या माणसाच्या काजूच्या बागेत राहिलो. वैजनाथाचं दर्शन घेतलं, गडावर जाऊन आलो. तिथं तंबूच्या खुंट्यांनी हार मानली. सोबत मिळालेल्या खुंट्या म्हणजे जाड तार वाकवलेली. जांभ्यावर दोन बोटं माती असते, तिच्याखाली खुंटी गेली की वाकतेच. बारापैकी सात वाकल्या. सोमवारी मी कामावर सुट्टीच्या वेळेत १० मिलिमीटर सळीचे नऊ-नऊ इंचाचे खुंटे कापले, टोकं लेथवर काढली, डोक्याला कडी वेल्ड करून घेतली. खर्च फार नाही, वजन दीड किलोनं वाढलं. हे खुंटे आजपर्यंत एकही वाकलेला नाही. आपल्या पश्चिमेकडच्या तांबड्या जमिनीत तंबू लावणार असाल, तर कंपनीच्या खुंट्यांवर विसंबू नका. जवळच्या लोहाराकडून करून घ्या.

मार्चमध्ये याच्या उलट झालं. हिडकल धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, एका शेतकऱ्याच्या परवानगीनं राहिलो. तिथली काळी जमीन उन्हानं भेगाळलेली. खुंटा सहज आत जातो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. दुपारनंतर वारा सुटला, एका बाजूची दोरी निसटली, सगळा ताण एका दांड्यावर आला आणि फायबर उभं चिरलं. चिरलेल्या फायबरला हात लावू नका, त्याच्या बारीक काड्या बोटात घुसतात आणि दोन दिवस त्रास देतात. रात्र काथ्यानं बांधून काढली. नंतर ॲल्युमिनियमची नळी घेऊन, आतून ९ मिलिमीटर बोअर करून चार इंचाची बाही बनवली. दांडा साडेआठचा आहे, त्यामुळं ती चिरलेल्या भागावर सरकते आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली की पक्की बसते. अशी एक बाही आता कायम पिशवीत असते. काळ्या मातीत खुंटा तिरपा ठोका आणि वर एक मोठा दगड ठेवा.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आम्ही सातही मुक्काम खासगी शेतात, मालकाला विचारून केले. खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. बारापेडच्या गुहांतली दुर्मीळ वटवाघळं तिथलीच. त्या जंगलात विनापरवाना तंबू लावायला जाऊ नका. गवे, अस्वलं, हत्ती यांची ती जागा आहे, आपण रात्री दिवे आणि स्पीकर घेऊन तिथं जाण्यात काहीच शहाणपण नाही. शिवाय डिसेंबर ते मे या काळात जंगलाच्या कडेला पाचोळ्यावर बसू नका. सत्तरी आणि दोडामार्ग भागात माकडताप येऊन गेलाय, तो गोचिडीतून येतो. अंगभर कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आणि परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करताना गुडघ्यामागं, काखेत नीट बघणं, एवढं आम्ही दर वेळी करतो. तंबूची चेन सूर्य मावळल्यावर उघडी ठेवायची नाही हाही नियम त्यातलाच.

मे महिना. हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ बघून संध्याकाळी जवळच्या एका माळावर तंबू लावत होतो. कदंबांची ही जुनी राजधानी, देवळाच्या दगडांवरून नजर हटत नव्हती, त्यामुळं उशीर झाला होता. एक मेंढपाळ मेंढरं घेऊन घाईघाईनं चालला होता. पश्चिमेकडं हात करून म्हणाला, "मळी बरतैती." पाऊस येतोय. आम्हाला तर ढग दिसतही नव्हता. पाऊण तासात वळवानं झोडपायला सुरुवात केली. विजा व्हायला लागल्यावर आम्ही तंबू तसाच सोडून गाडीत जाऊन बसलो. मोकळ्या माळावर विजेच्या वेळी तंबूत थांबू नये, एकट्या झाडाखाली तर नाहीच.

तासाभरानं बाहेर आलो. कव्हरमधून थेंबही आत आला नव्हता. या तंबूवर ३,००० मिलिमीटर असा आकडा आहे. त्याचा अर्थ, त्या कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तोपर्यंत ते झिरपत नाही. वळवाला ते पुरलं. पाणी आलं ते खालून, आणि त्याला आम्ही जबाबदार होतो. तंबूखाली अंथरलेली ताडपत्री चारी बाजूंनी वीतभर बाहेर आली होती. कव्हरवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडलं आणि उतारानं थेट तंबूच्या बुडाखाली गेलं. ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं आतच हवी. उरलेली खाली दुमडून घ्या.

त्यानंतर जे झालं त्यानं या तंबूचं सगळ्यात मोठं नुकसान केलं. रविवारी सगळ्यांना घाई होती, पुण्याच्या मित्राला बस गाठायची होती. ओला तंबू गुंडाळला, पिशवीत कोंबला. पिशवी शहापूरला त्याच्या घराच्या माळ्यावर ठेवली गेली. मला वाटलं तो आईला सांगून वाळत घालायला लावेल. त्याला वाटलं आमच्यातला कुणीतरी येऊन घेऊन जाईल. अनगोळच्या मित्राची पेरणीची गडबड. जून लागला, पाऊस सुरू झाला, आणि साडेतीन आठवड्यांनी पिशवी उघडली तेव्हा वास दारापर्यंत आला. बुरशीचे काळे ठिपके, कव्हरच्या आतला पाणी अडवणारा लेप दोन ठिकाणी चिकट झालेला, शिवणीवरची पट्टी एका कोपऱ्यात सुटलेली. महिपाळगडाचा जांभा, हिडकलचा वारा, हलशीचा वळीव या सगळ्यांनी मिळून जेवढं केलं नव्हतं, तेवढं बंद पिशवीतल्या ओलीनं केलं.

आमच्यात भांडण झालं. साधं नाही, चांगलंच. पैशांवरून सुरू झालं आणि कोण मित्रांसाठी वेळ काढतो, कोण काढत नाही इथपर्यंत गेलं. पंधरा-सोळा दिवस चौघांत कुणी कुणाला फोन केला नाही. तीस वर्षांच्या ओळखीत असं पहिल्यांदाच झालं आणि मला त्या दिवसांत झोप नीट लागत नव्हती.

कोंडी फोडली ती वडगावच्या मित्राच्या आईनं. काकूंनी तंबू मागवून घेतला. गार पाण्यात, अंगाच्या साध्या साबणानं, मऊ फडक्यानं पुसून काढला. ब्रश नाही, पावडर नाही, गरम पाणी नाही, त्यानं लेप निघतो. मागाच्या खोलीत सूत वाळवायला बांबू टांगलेले आहेत, त्यावर सावलीत चार दिवस पसरून ठेवला. मग आम्हा चौघांनाही चहाला बोलावलं आणि म्हणाल्या, "कापडाला घडी घालायच्या आधी वारा द्यायचा असतो. तुमच्यातल्या एकालाबी कुणी शिकवलं नाही होय?" कुणीच काही बोललं नाही. मग पुण्याच्या मित्रानं सुटलेल्या शिवणीवर लावायचा डिंक पिशवीतून काढला. तो आधीच घेऊन आला होता.

ठिपके गेले नाहीत. चिकट जागांवर आम्ही टाल्कम पावडर लावतो, त्यानं तात्पुरतं भागतं, खरं तो लेप आता उतरत जाणार. ऑगस्टमध्ये कणकुंबीकडं गेलो तेव्हा ते दिसलं. मलप्रभा तिथं उगम पावते आणि जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस त्याच पट्ट्यात पडतो. आम्ही शेतघराच्या पडवीतच झोपायचं ठरवून गेलो होतो, तंबू फक्त तपासायला अंगणात उभा केला. दोन तासांच्या पावसात एका कोपऱ्यातून पाणी आलं. बाकी तीन कोपरे कोरडे. पडवीत जळवा पायाला लागल्या त्या वेगळ्याच, मिठाची पुडी सोबत ठेवा.

तर घ्यावा का? ऑक्टोबर ते मे, आपल्या भागात, गाडीनं जाऊन शेतात राहण्यासाठी घ्यावा. पावसाळ्यात या किमतीच्या कुठल्याही तंबूवर मी भरवसा ठेवणार नाही. खुंटे स्वतः करून घ्या, दांड्याची बाही सोबत ठेवा, ताडपत्री मापात कापा. आणि चौघांत मिळून घेणार असाल तर पैसे गोळा करतानाच ठरवा की परत आल्यावर तो कुणाच्या घरी, कुठल्या दोरीवर वाळत पडणार. आमच्यात आता तो रविवारी रात्री थेट वडगावला जातो. पिशवीला एक छोटी वही बांधली आहे. तंबू कधी आला, कधी वाळला, कुणी घडी घातली, हे काकू स्वतः लिहितात. शेवटची नोंद सप्टेंबरमधल्या एका कोरड्या दिवसाची आहे, नुसतंच ऊन दाखवल्याची.

काल अनगोळच्या मित्राचा फोन आला. मामांकडं भात कापणी पुढच्या आठवड्यात आहे, रताळीही काढायला झाली आहेत, आणि खळं सारवून ठेवलंय.