नागाओकाच्या थंडीतला माझा रॉकेलचा स्टोव्ह

ऑगस्ट २०२३मध्ये मी जपानच्या निइगाता प्रांतात, नागाओकाला आले. सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. पहिले तीन महिने कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा आणि शाळेत कुठे चपला बदलायच्या, हे लक्षात ठेवण्यात गेले. खरी परीक्षा डिसेंबरात सुरू झाली. इथल्या भाड्याच्या घरांत सगळं घर ऊबदार ठेवायची सोय सहसा नसते. माझ्या खोलीतला एसी डोक्याजवळ गरम हवा सोडायचा आणि पाय गारच. पहाटे वह्या तपासायला बसलं की बोटांत पेन धरवायचं नाही.

शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "एसीच्या भरवशावर राहू नका, स्टोव्ह घ्या." म्हणून कोरोना कंपनीचा आरएक्स मालिकेतला छोटा स्टोव्ह घेतला. नाव वाचून दचकू नका. ही कंपनी १९३७पासूनची, शेजारच्याच सान्जो गावातली. २०२०च्या जूनमध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी इथल्या वर्तमानपत्रात कामगारांच्या मुलांसाठी पत्र छापलं होतं. नावावरून कुणी काही बोललं असेल तर माफ करा, पण तुमच्या घरचे करतात त्या कामाचा आम्हाला अभिमान आहे, असा त्याचा आशय. बाईंनी ते मला वाचून दाखवलं. शिक्षकाला असं पत्र विसरता येत नाही.

आता स्टोव्हबद्दल. ताकद २.२४ किलोवॉट, म्हणजे सहा ताताम्यांच्या (जमिनीवरच्या चटया, इथे खोली त्यांतच मोजतात) लाकडी खोलीला बेताची. टाकी एकदा भरली की वीसेक तास जाते. रॉकेलला इथे 'तोयु' म्हणतात, म्हणजे दिव्याचं तेल. माझ्या पहिल्या हिवाळ्यात १८ लिटरचा लाल कॅन पेट्रोलपंपावर साधारण २,००० येनला भरून मिळायचा. सांगलीत रेशनच्या रॉकेलसाठी आईबरोबर रांगेत उभी राहिलेली मी, पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा त्या वासानेच घरी पोचले. वात, टाकी, वर-खाली करायची चक्री, सगळं ओळखीचं. फक्त काडी ओढावी लागत नाही, सेलवर पेटतो.

जाळी लालबुंद झाली की पाच मिनिटांत पायांना ऊब लागते. वर किटली ठेवली की चहाचं पाणी होतं आणि हवाही कोरडी पडत नाही. चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवलेलं रताळं तासाभरात भाजतं. एकादशीला माझा तोच फराळ.

मला त्याची खरी किंमत कळली १ जानेवारी २०२४ला. दुपारी चारनंतर नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला आणि नागाओकाही जोरात हललं. मी टेबलाखाली होते. खट्ट आवाज झाला आणि स्टोव्ह आपला आपण विझला. धक्का बसला की विझायची ही सोय इथल्या सगळ्याच रॉकेलच्या स्टोव्हना असते. शेजारच्या आजींनी २००४चा, इथल्याच चुएत्सु भागातला भूकंप पाहिलेला. त्याच सगळ्यांत आधी माझ्या दारात आल्या आणि पहिला प्रश्न आगीचाच विचारला.

काळजी मात्र घ्यावीच लागते. तासातून एक-दोनदा खिडकी मिनिटभर उघडायची, बाहेर बर्फ असला तरी. झोपताना विझवायचाच. वर कपडे वाळत घालायचे नाहीत. विझवताना थोडा वास येतो, तो रॉकेलचा गुण. दुसऱ्या हिवाळ्यात मी आदल्या वर्षीचं उरलेलं रॉकेल भरलं आणि ज्योत मंदावली, खोलीत उग्र वास भरला. जुनं तेल खराब होतं, हे तेव्हा कळलं. आता एप्रिलमध्ये टाकी रिकामी करते आणि वातीत उरलेलं तेल जळून जाईपर्यंत स्टोव्ह पेटता ठेवते. याला 'कारायाकी' म्हणतात, तेही बाईंनीच शिकवलं.

बर्फाळ भागात शिकवायला येणार असाल तर आधी भाडेकरार नीट वाचा, काही घरमालक रॉकेल चालू देत नाहीत. चालत असेल तर ऑक्टोबरातच घेऊन टाका.