सायकलचं यू-लॉक, जुलै ते फेब्रुवारी: एक पावसाळा काढल्यानंतर

वापर असा: गिअरची हायब्रिड सायकल, खारघरच्या आतल्या सेक्टरमधून रोज स्टेशन, तिथे नऊ-दहा तास उघड्यावर उभी, रात्री सोसायटीत स्टिल्टखाली. कुलूप १४ मिमी जाड दांडीचं यू-लॉक (इंग्रजी U च्या आकाराची पोलादी दांडी), आतली रुंदी साधारण साडेदहा सेंमी, वजन सव्वा किलोच्या आसपास. सोबत पुढच्या चाकासाठी १० मिमीची केबल. निकाल आधीच सांगतो: कुलूप चांगलं आहे, परत घ्यायला हरकत नाही. पण त्याच्यासोबत येणारा, चालवताना कुलूप अडकवून ठेवायचा फ्रेमवरचा ब्रॅकेट भिकार आहे. आणि लावायची पद्धत चुकली तर हे कुलूप शंभर रुपयांच्या कुलपापेक्षा फार वेगळं नाही.

केबल एकटी कधीही पुरेशी नाही. १० मिमीतला बराचसा भाग प्लास्टिकचा असतो, आत बारीक तारांचा पीळ. चांगला हातकटर तो काही सेकंदांत उडवतो, आवाजही होत नाही. चार आकडे जुळवून उघडणाऱ्या केबलचं दुखणं वेगळं. लोक घाईत शेवटची एकच रिंग फिरवून निघून जातात, म्हणजे चोराला जास्तीत जास्त दहा आकडे बघायचे. शिवाय स्वस्त आकडी कुलपात केबल ताणून धरून रिंग फिरवली की बरोबर आकड्यावर ती किंचित अडकते, बोटाला कळतं. घेतलीच असेल तर चारही रिंगा विस्कटा. आपल्याकडच्या साध्या सायकलींना मागच्या चाकावर येणारं गोल कुलूप सायकल फक्त चालवू देत नाही. मागचं चाक उचलून टेम्पोत टाकायला त्याची काहीच अडचण नसते.

१४ मिमी कडक पोलादाला हातातला बोल्ट कटर सहसा हरतो. बॅटरीवरचा ग्राइंडर हरत नाही, तो एक-दोन मिनिटांत दांडी कापतो. म्हणून ‘न तुटणारं कुलूप’ या जाहिरातीवर जाऊ नका. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि किंकाळी भर दुपारी स्टेशनबाहेर लपत नाही, बेसमेंटच्या कोपऱ्यात रात्री तीनला लपते. त्यामुळे सायकल कुठे उभी आहे याला कुलपाइतकंच वजन आहे.

लावताना यू मागच्या चाकातून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत घ्यायचा आणि खांबाला अडकवायचा. रिम त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही, म्हणून फ्रेम आपोआप अडकते. यूच्या आत जितकी मोकळी जागा कमी, तितकं चांगलं, कारण गाडीचा जॅक किंवा लोखंडी पाइप घालून फाकवायला तीच जागा लागते. मोठा यू सोयीचा वाटतो, पण तो घेऊ नका. कुलूप जमिनीला टेकू द्यायचं नाही: कटरची एक मूठ फरशीवर टेकवून दुसरीवर अंगाचा भार टाकता येतो. चावीचं भोक खाली ठेवा, पाणीही आत शिरत नाही. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय हाताने निघणारं, असेल तर केबलचा फास त्यातून घेऊन यूमध्ये ओवायचा. सीटचा क्विक रिलीज काढून तिथे साधा ॲलन बोल्ट लावला, की सीट हातोहात जाणं थांबतं.

आणि खांब हलवून बघा. हसू नका. नो पार्किंगच्या पाटीचा खांब ठेंगणा असेल तर सायकल कुलपासकट वरून काढता येते. फूटपाथचं रेलिंग खाली चार नटांवर उभं असतं, त्यातले दोन गायब असले तर कुलूप शोभेचं. सोसायटीत सर्रास पीव्हीसीच्या पावसाळी पाइपला सायकली बांधलेल्या दिसतात. तो पाइप लाकूड कापायच्या करवतीनेही जातो. अग्निशमनाच्या लाल पाइपला बांधू नका, तिथे वाट मोकळीच ठेवायची असते. कमिटीकडून भिंतीत जाड हूक ठोकून घेणं हा खर्च सगळ्यात आधी करावा.

आता संशयास्पद हालचालींबद्दल. सायकलचा शौकीन सायकल बघतो: गिअर, टायर, ब्रेक. चोराची नजर कुलपावर असते. एकामागून एक चार-पाच सायकलींची कुलपं बघत जाणारा, कुलूप हातात घेऊन हिसका देणारा, सीटला धरून मागचं चाक उचलून वजन बघणारा, हे लक्षात ठेवण्यासारखे. तीच व्यक्ती अर्ध्या तासात दोन-तीन वेळा फिरून आली आणि कुठलीच सायकल घेतली नाही, तर आणखी. जोडी असेल तर एक वाकलेला आणि दुसरा पाठ करून रस्त्याकडे बघत उभा. मोठा बोल्ट कटर दोन फुटांचा असतो. लांब सॅक, गुंडाळलेली चटई, छत्रीची पिशवी यात तो मावतो. कपड्यांवरून, भाषेवरून संशय घेणं चूक आहे आणि निरुपयोगीही: डिलिव्हरीवाला, दूधवाला, भंगारवाला रोज दहा वेळा सायकलींजवळून जातो. हात कुठे जातो ते बघा.

दोन खुणा सायकलवरच सापडतात. सकाळी ठीक असलेल्या चाकाची हवा संध्याकाळी गेलेली, व्हॉल्व्हचं टोपण गायब, पण ट्यूब धड. किंवा आपल्या कुलपाशेजारी कुणीतरी लावलेलं दुसरं, अनोळखी कुलूप. दोन्हीचा हेतू बहुधा एकच: तुम्ही वैतागून सायकल रात्रभर तिथेच सोडून जावं. सोडू नका. पंक्चरवाला किंवा कुलूप कापणारा बोलवा, त्याला पावती आणि सायकलचा फोटो दाखवा, पण त्याच रात्री सायकल घरी न्या.

कुणी कुलपाशी खटपट करताना दिसलं तर अंगावर जायचं नाही, हातात लोखंड असतं. थोड्या अंतरावरून मोठ्याने ‘दादा, तुमचीच का सायकल?’ एवढं पुरतं; ज्याची असते तो चावी दाखवतो. पुढे वॉचमन, आणि प्रकार चालूच असेल तर ११२. टेम्पो-स्कूटर असेल तर नंबर टिपून ठेवा.

पावसाळ्याचा हिशेब. दांडीवरच्या रबरी कव्हरखाली पाणी साचतं, तिसऱ्या महिन्यात कडेला तांबूस रेघ दिसली. कव्हर महिन्यातून एकदा सरकवून पुसायचं. भोकात साधं ग्रीस घालू नका, धूळ धरून चिखल होतो. ग्रॅफाइट पावडर किंवा कोरडा सिलिकॉन स्प्रे, दर पंधरा दिवसांनी. चावी अडली की जोर लावला आणि तुकडा आत राहिला, हा सगळ्यात महागडा बिघाड. चावीवरचा नंबर फोनमध्ये ठेवा.

बॉटल होल्डरखाली लपवलेला ब्लूटूथ टॅग कामाचा आहे, पण त्याला जीपीएस समजू नका. आसपास फोन असतील तरच जागा कळते. सीटच्या लोखंडी नळीत घातला तर सिग्नल मरतो. त्यातला सीआर२०३२ हा चपटा गोल सेल साधारण वर्षभर टिकतो. ॲपलच्या एअरटॅगमध्ये मात्र कडू लेप असलेले काही सेल चालत नाहीत. चोराच्या फोनवरही ‘अनोळखी टॅग सोबत आहे’ असा इशारा येऊ शकतो, तेव्हा वेळ थोडाच मिळतो. ठिकाण दिसलं तरी एकट्याने आणायला जाऊ नका, पोलिसांना घेऊन जा.

पूर्वी नगरपालिकेचा सायकलला बिल्ला असायचा. आता ना बिल्ला, ना आरसी बुक. मालकी सिद्ध करायला उरतात बिल आणि फ्रेम नंबर. तो बहुतेक सायकलींना दोन्ही पॅडलच्या मधल्या एक्सलखाली, फ्रेमवर ठोकलेला असतो; सायकल उलटी करून, माती पुसून फोटो काढा. १ जुलै २०२४ पासून चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये येते, आणि हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

राहिला ब्रॅकेट. चौथ्या महिन्यात प्लास्टिकची खाच तुटली, खारघरच्या खड्ड्यांना दोष द्यावा की बनवणाऱ्याला, कळत नाही. आता लॉक कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी बांधलेलं असतं. खडखड बंद, खर्च शून्य.